बेळगावचा क्लब आणि वडगावचा आहेर

आमच्या पुण्याच्या भगिनी मंडळानं मला बेळगावला धाडलं ते एका चौकशीसाठी. तिथला हितवर्धक क्लब म्हणे गावाची कामं, तरुणांची कामं आणि वर सातासमुद्रापलीकडच्या देशांतली कामं अशी तिन्ही एकदम करतो. तर त्याला पैसा कुठून आणि कसा उभा राहतो ते पाहून यावं, आणि आपल्याला तसं काही जमेल का ते दोन पानांत लिहून द्यावं, असा ठराव झाला. ती दोन पानं लिहायला मी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा फाडून टाकली. शेवटी ठरवलं, जे घडलं ते घडलं तसं सांगावं. अहवाल ज्यांना हवा त्यांनी त्यातून वेचून घ्यावा. आधीच कबूल करते, पंचवीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवून मी जेवढी चिडले नसेन तेवढी या चार दिवसांत चिडले.

सोमवार, टिळकवाडी

स्टेशनवर कमळ घ्यायला आली होती. कमळ माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे यजमान डॉक्टर, आणि क्लबाचे खजिनदार. दोघांचं घर टिळकवाडीत, नव्या वस्तीतलं, पुढं व्हरांडा आणि मागं फणसाचं झाड. फाल्गुन असूनही सकाळी शाल घ्यावी लागली, एवढं हे गाव थंड. न्याहारीला कमळनं मांडे दिले. कागदासारखा पातळ, घडी घातलेला तो पदार्थ मी सवयीनं भाजीला लावायला गेले, आणि त्याचा चुरा माझ्या मांडीवर, पदरावर आणि थेट चष्म्यावर उडाला. "दुधात बुडवून खायचा गं," कमळ म्हणाली. हे तिनं आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

दुपारी तिनं मला मुख्य गोष्ट सांगितली. वडगावात, विणकरांच्या गल्लीत, तारा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी आहे. मराठी सातवी पास. लग्न होऊन वर्षभरात नवरा गेला आणि ती बापाकडे परत आली. तिची थोरली बहीण बाळंतपणात दोन दिवस अडून गेली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावणं गेलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गल्लीत एक जरी शिकलेली सुईण असती तर ती पोर वाचली असती, असं डॉक्टर तेव्हा बोलून गेले आणि ताराच्या मनानं ते घेतलं. आता मिरजेच्या दवाखान्यात तिला सुईणीचं काम शिकायला जागा मिळाली होती. शुक्रवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. पहिल्या सहामाहीचे पैसे, दोन जोड कपडे आणि बूट एवढं क्लबानं द्यायचं ठरलं होतं. मी गुरुवारच्या गाडीनं परतणार, तर वाटेत तिला मिरजेला पोचवावं, असा बेत होता. मला तो पसंत पडला. निदान एक काम तरी डोळ्यांदेखत होईल, असं वाटलं.

संध्याकाळी क्लबाची सभा झाली ती अध्यक्षांच्या बंगल्यावर. अध्यक्ष अण्णासाहेब, नामांकित वकील, बोलताना डोळे मिटून घेणारे. अकरा पुरुष, आणि पाहुण्या म्हणून कमळ आणि मी. या क्लबाची दंडाची रीत मी कधी विसरणार नाही. उशीर झाला, एक आणा. परवानगीवाचून बोललं, दोन आणे. क्लबात सगळे बरोबरीचे म्हणून कुणी कुणाला 'रावसाहेब' म्हटलं तर एक आणा. आता चाळीस वर्षं एकमेकांना रावसाहेब म्हणत आलेली ही माणसं, त्यांच्या तोंडून दर वाक्याला रावसाहेब सुटायचं आणि डबा खणखणायचा. अर्धा तास सभा झाली आणि अर्धा तास दंड झाला. वर्षातून एक नाटक, त्याची तिकिटं, हा दंड, आणि बाहेरच्या धनिकांच्या देणग्या, अशी क्लबाची मिळकत. हे मी इमानानं टिपून घेतलं.

मग अण्णासाहेबांनी डोळे मिटले आणि सांगितलं की दूर कुठल्याशा देशात भूकंप झाला आहे, तिथल्या अशाच एका क्लबाकडून पत्र आलं आहे, आणि पुढच्या महिन्यात विलायतेहून एक मोठे पाहुणे बेळगावला भेट देणार आहेत. तेव्हा या वर्षीची शिल्लक भूकंपाला धाडावी. जगभरच्या अशा क्लबांच्या छापील यादीत बेळगावचं नाव येईल.

"आणि तारा?" कमळनं विचारलं.

"पुढल्या वर्षी," अण्णासाहेब म्हणाले. "भूकंप थांबत नाही ताई, मुलगी थांबू शकते."

"भूकंप होऊन गेलाय," मी म्हटलं. "व्हायचं आहे ते मुलीचं."

मला दोन आणे दंड झाला.

त्यातच आणखी एक प्रकरण निघालं. शहापूर-वडगावच्या विणकरांनीही भूकंपवाल्यांसाठी मदत दिली होती, आणि ती म्हणजे वीस लुगडी, नऊवारी, काठापदराची. कोपऱ्यात गाठोडं होतं. हात लावून पाहिलं, माल अस्सल होता. पण त्या देशातल्या बायका घालणार काय हे नेसून? एका सभासदानं सुचवलं की नेसायचं कसं याची इंग्रजी माहिती, चित्रासह, आत घालून पाठवावी. यावर चर्चा झाली. काष्टा चित्रात कसा दाखवायचा यावर पाऊण तास गेला आणि तिघांची समिती नेमली. मी दातओठ खात बसले होते, कारण तोंड उघडलं की दोन आणे.

सभा उठताना डॉक्टर हळूच म्हणाले, "बाहेरून कुणी ताराचा भार उचलला तर क्लबाची हरकत नसावी?" अण्णासाहेबांनी डोळे मिटूनच मान हलवली.

मंगळवार, निपाणी

बाहेरून म्हणजे निपाणीहून. तिथं तवनाप्पाशेट म्हणून तंबाखूचे मोठे व्यापारी आहेत, हात सढळ. डॉक्टर आणि मी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं निघालो. रस्ता पुणे-बंगलोरचा, म्हणून चांगला असेल अशी माझी समजूत होती. संकेश्वरच्या अलीकडे टायर फुटलं. ड्रायव्हर कानडीत टायरशी बोलत होता आणि मराठीत आमच्याशी, आणि टायरशी अधिक प्रेमानं. तास मोडला. मंडळाच्या भगिनींना रस्त्याचं वर्णन हवं असेल तर सांगते: डाव्या हाताला तंबाखूची रानं, उजव्या हाताला तंबाखूची रानं, मध्ये मी, छत्री धरून.

निपाणीत पाय ठेवला आणि शिंकांना सुरुवात झाली. गावात हवा म्हणून जी काही असते तिच्यात निम्मी तंबाखूची धूळ. तिथल्या माणसांना काहीच होत नाही. माझ्या मात्र डोळ्यांतून आणि नाकातून धारा. तवनाप्पाशेटच्या पेढीवर गादीवर बसले ती रुमाल तोंडाला लावूनच.

डॉक्टरांनी विषय काढला. शेटनी सगळं ऐकून घेतलं आणि खांद्यावरचं उपरणं काढून डॉक्टरांच्या आणि आपल्या हातांवर पसरलं. मला वाटलं हात पुसायला देताहेत. कमळनं मागाहून सांगितलं ते असं: इथं तंबाखूचा भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची, आकडा दोघांना कळतो, आणि शेजारी बसलेल्या दहा जणांना कळत नाही. देणगीचंही तसंच. डॉक्टर छताकडे बघत होते, शेट रस्त्याकडे बघत होते, आणि मी उपरण्याकडे. आमच्या पुण्यात वर्गणी मागितली की माणूस 'विचार करून सांगतो' म्हणतो आणि मग रस्ता बदलून जातो. तेही परवडलं. निदान समोरचा नाही म्हणतो आहे हे कळतं.

उपरणं निघालं. डॉक्टरांचा चेहरा उजळलेला दिसला. "विहिरीला," ते मला म्हणाले. "बोरगावच्या विहिरीला दिले. भरपूर दिले."

बोरगावची विहीर हे क्लबाचं दुसरं काम.

"मी विहीर मागितली नव्हती," मी म्हटलं, आणि शिंकत शिंकत माझाच हात शेटपुढं केला. "आता माझ्याशी बोला."

पेढीवरचे मुनीम, हमाल, तंबाखू घेऊन आलेले दोन शेतकरी, सगळे जागच्या जागी थिजले. शेटनी उपरणं चटकन छातीशी घेतलं.

"बायामाणसांशी आमी उपरण्याखाली बोलत न्हाय, बाई."

"मग उघड बोला."

"उघड बोललो तर उद्या चार मठ, दोन जैनांच्या बस्ती आन् तीन तालमी माज्या दारात. सगळ्यांस्नी तेवढंच पायजे म्हनत्याल." ते खरोखरच काकुळतीला आले होते. "आन् पोरीला कशापायी द्यावं? विहिरीला देतो. विहीर कुटं पळून जात न्हाय. पोरगी शिकली, मुंबईला गेली, तर माझं पुन्य पन मुंबईला गेलं."

यावर मी पुष्कळ बोलले असते, पण शिंका. डोळे तर वाहतच होते. शेटना वाटलं मी रडते आहे.

"रडू नका, बाई," ते म्हणाले, आणि आतून माझ्यासाठी कपभर गरम दूध मागवलं. मी रडत नाही, तुमची हवा वाईट आहे, हे मी त्यांना सांगितलं, तर मुनीम दुसऱ्याला म्हणाला, "लई दुखात हायत बाई."

परतताना बोरगावला जाऊन आलो. विहीर पाहायला मी नाइलाजानं गेले, नावं ठेवायच्या तयारीनं. जुनी विहीर ढासळलेली, तळाशी हिरवं पाणी, आणि काठावर पंचवीसएक बाया घागरी लावून बसलेल्या. एकीनं सांगितलं, पहाटेपासून बसलोय. म्हणजे विहीरही हवीच होती. हे पाहून माझा राग जाईल असं डॉक्टरांना वाटलं असावं, उलट वाढला. कुणावर चिडावं तर तो माणूस बरोबर निघतो, याच्यासारखा वैताग नाही.

बुधवार, वडगाव

ताराला नाही म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं. कमळला ते जमेना आणि डॉक्टरांना दवाखाना होता. टांगा शहापुरातून गेला. रस्ता तोच, पण शहापूर सांगलीकरांच्या संस्थानातलं, म्हणजे कोपऱ्यावर राज्य बदलतं आणि खड्डे बदलत नाहीत.

वडगावच्या गल्लीत शिरलं की आधी ऐकू येतात ते माग. प्रत्येक घरात जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून माणूस बसलेला, आणि धोटा इकडून तिकडे धावतो त्याची खटखट. तिथली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. मागासमोर जन्म गेल्यावर हळू आवाज येणार कुठून? ताराचे वडील रामाप्पा, सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते, खड्ड्यात बसून जांभळं लुगडं विणत होते. तारा दाराशी सुताच्या कांड्या भरत होती. उंच, सडपातळ, रुंद कपाळ मोकळं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाट मांडला.

"जमलं न्हाय न्हवं?" तीच म्हणाली. "मला ठाऊक हुतं. गाठोडं सोडलंय मी कालच."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती आणि तेच मला सहन होईना. मी पर्स उघडली आणि आप्पांना म्हटलं, पहिल्या सहामाहीचे पैसे मी देते, माझ्याजवळ साठवलेले आहेत, मुलीला उद्या माझ्याबरोबर पाठवा.

आप्पांचा माग थांबला.

"ते न्हाय व्हनार, बाई."

"का?"

"दान घेत न्हाय आमी."

"अहो, क्लबाचं घेणार होता ना?"

"तेबी घेनार न्हवतो. परवा त्यांचा मानूस आलता, सांगून गेला, मंडप घालतो, पोरीला व्यासपीठावर उभी करतो, वकीलसायेब तिच्या हातात पाकीट देतील, फोटू काढतील. मी म्हटलं, माजी लेक भर सभेत हात पसरनार न्हाय."

आता तुम्हीच सांगा. इकडे क्लब देत नाही, तिकडे बाप घेत नाही, आणि मधल्या मध्ये मी निपाणीपर्यंत शिंकत जाऊन आलेली. माझा तोल सुटला. मी त्या माणसाला त्याच्याच घरात नको तेवढं बोलले. म्हटलं, तुमचा मान घेऊन बसा खड्ड्यात, एक लेक गेली, दुसरीला शिकायला मिळालं असतं तर उद्या कुणाची तरी तिसरी वाचली असती. हे बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली. गेलेल्या लेकीचं नाव काढायचा मला काय अधिकार होता?

आप्पा रागावले नाहीत. धोटा हातात घेऊन बसले होते, तो त्यांनी खाली ठेवला.

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. आईका. दान घेतलं की मानूस खाली ऱ्हातो, मरस्तवर. ते फिटत न्हाय. आहेर असंल तर घेतो. आहेर फिटतो. आज त्यानं केला, उद्या त्याच्या घरात मी करतो, दोघंबी सरळ."

"मग घ्या की आहेर," मी वैतागून म्हटलं.

"लग्नाबिगर आहेर कुटं असतो?"

दारातून तारा म्हणाली, अगदी कांडीकडे बघत:

"पाठवनी तर हायच की, आप्पा."

आप्पा हातांवर जोर देऊन खड्ड्यातून वर आले, खुंटीचा पटका काढून डोक्याला गुंडाळला आणि वाटीत तांदूळ घेऊन त्याला कुंकू लावायला बसले. "बाई, जेवून जावा," एवढंच मला म्हणाले. ताराची आत्या गंगाक्का, त्याच घरात राहणारी, हिनं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भरलं वांगं वाढलं. आमच्याकडचं सोवळं मी त्या दिवशी टांग्यातच ठेवलं होतं. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं, पण आता मी कुणाला स्पष्टीकरण देत बसले नाही.

संध्याकाळी आप्पा टिळकवाडीत दारोदार फिरले. अण्णासाहेबांच्या हातावर अक्षता ठेवून म्हणाले, उद्या सकाळी लेकीची पाठवनी हाय, यायचं. अक्षता घेतलेल्या माणसाला या भागात नाही म्हणता येत नाही, मग तो वकील असो की मामलेदार.

गुरुवार, वडगाव

गाडी दुपारची. कमळनं आणि मी सकाळी खडेबाजारात ताराचे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, लग्नाचे का? कमळ हो म्हणाली.

गल्लीत चार बांबूंवर लुगडी ताणून मांडव केला होता. त्या दिवशी माग बंद होते, आणि ती शांतता मला चमत्कारिक वाटली. तारा पाटावर बसली होती, पांढरट लुगड्यात, गळ्यात काही नाही, कपाळाला काही नाही. गंगाक्काच तिच्यामागं उभी राहून पुटपुटत होती, मोठ्यानं, कारण तिथं सगळं मोठ्यानंच: "पांढऱ्या कपाळाचं बाईमानूस पाटावर बसलेलं आन् तिला आहेर? कुनी बगितलंय काय कुटं?"

आप्पांनी ऐकलं. "आक्का," ते म्हणाले, "येकदा पाठवली ती परत येऊ नये म्हनून पाठवली हुती. आली. आता परत यावी म्हनून पाठवतोय. तुला पटत नसंल तर आत जाऊन बस."

गंगाक्का आत गेली. जरा वेळानं बाहेर आली ती घडीचं लुगडं घेऊन, आणि पहिला आहेर तिनंच केला.

आहेर पुकारायला सिद्दू आण्णा होते. सत्तरीचे, मागासमोर बसून दोन्ही कान गेलेले, त्यामुळे आपला आवाज किती जातो याची कल्पना नसलेले. निपाणीत सगळं उपरण्याखाली. इथं जे द्याल ते तुमच्या नावासकट अर्ध्या वडगावाला ऐकू जायचं. "गंगाक्काचा आहेर, येक लुगडं!" "परसू कोष्ट्याचा आहेर, आठ आने!" "इठाबाईचा आहेर, पायलीभर तांदूळ, आन् ती म्हनती लोनच्याची बरनी मागनं देतो!" ज्यांच्या घरात चूल जेमतेम पेटते ती माणसं रांगेनं येत होती, पाटापुढं काहीतरी ठेवत होती, आणि ताठ मानेनं आपलं नाव ऐकून जात होती.

इतक्यात अण्णासाहेब आले, काळा कोट, सोबत क्लबाचे सगळे. त्यांनी भाषण लिहून आणलं होतं. भाषणाला इथं जागा नाही हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. रांग पुढं सरकली आणि ते पाटासमोर आले तेव्हा त्यांच्या हातात क्लबाचं शुभेच्छापत्र होतं, सुंदर अक्षरातलं, चौकटीत बसवलेलं. ते त्यांनी ठेवलं. सिद्दू आण्णांनी वाकून नीट पाहिलं आणि कर्तव्य बजावलं.

"वकीलसायबांचा आहेर, येक कागूद!"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, "काय म्हनला?" आणि सिद्दू आण्णांनी पुन्हा पुकारलं, आणखी जोरात. अण्णासाहेबांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ते त्या आठ आण्यांकडे आणि पायलीभर तांदळाकडे बघत राहिले. मग कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, आणि जे होतं ते सगळं चौकटीवर ठेवलं. मागून क्लबाची दहाही माणसं तशीच आली. सिद्दू आण्णांचा आवाज बसला. कोणी कोणाला रावसाहेब म्हटलं तरी दंड घ्यायची शुद्ध कुणाला नव्हती.

मी अण्णासाहेबांना नावं ठेवत आले, तेव्हा हेही सांगायला हवं: निघताना त्यांनी आप्पांना वाकून नमस्कार केला, आणि तो कुणी बघावा म्हणून केलेला नव्हता.

माझी पाळी आली. मी पाच रुपये ठेवले. सगळे देते म्हटलं असतं तर आप्पांनी घेतले नसते. सिद्दू आण्णांनी कान पुढं केला.

"कुनाच्या घरचा म्हनून सांगू, बाई?"

बापाचं नाव सांगावं तर तो जाऊन तीस वर्षं झाली. नवऱ्याचं सांगावं तर त्याचा चेहराही मला आठवत नाही. तो गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. शेवटी आप्पाच म्हणाले, "सांग, पुन्याच्या मास्तरीनबाईंचा." तसं पुकारलं गेलं.

डॉक्टरांनी हिशेब पाहिला. सहामाहीपुरतं जमलं होतं. त्यापुढचं त्यापुढं.

गाडीत

स्टेशनवर तारा रडली नाही. आप्पा गाडीबरोबर थोडं चालले आणि थांबले. मी खिडकीपाशी बसून मनातल्या मनात अहवाल जुळवू लागले. नाटक, दंड, उपरणं, आहेर. यातलं मंडळाला शिफारस करण्यासारखं काय, ते ठरेना. लुगड्यांच्या समितीचं पुढं काय झालं तेही विचारायचं राहिलं, आणि त्याचाही राग आला.

घटप्रभा ओलांडली तरी समोर बसलेली तारा काहीतरी पुटपुटतच होती. मला वाटलं स्तोत्र म्हणत असेल.

"काय म्हणतेस?"

"आहेर पाठ करत्ये."

"लिहून ठेव की. शिकलेली ना तू?"

"लिवलेलं हरवतंय." ती बोटांवर मोजत होती. "फेडायचं न्हवं सगळं? सिद्दू आन्नांची सून पोटुशी हाय, आषाढात मोकळी हुईल, तेवढं मला साधायचं न्हाय. पन त्यांच्या नातीचं लगीन ठरलंय, तिचं बाळातपन मी करीन. इठाबाईच्या दोन लेकी. परसू कोष्ट्याची धाकटी भन. वकीलसायबांच्या सूनबाईंचं अजून काय न्हाय, पन हुईल." तिनं एकेक घर घेतलं आणि प्रत्येक घराला एकेक बाळंतपण लावून टाकलं. कोणाचं नाव सुटलं नव्हतं. क्लबाच्या दहा माणसांचीही घरं तिनं धरली होती. मला ते ऐकताना फार बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदाच.

मग ती थांबली.

"तुमचं ऱ्हायलं, बाई. पाच रुपये. तुमच्या घरात कोन कोन हाय?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"भावाची मुलं?"

"भाऊ नाही."

हे गणित तिला सुटेना, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी जरा त्रासिकपणेच म्हटलं, "माझं राहू दे. मला परत नको."

"ऱ्हाऊ दे कसं? आप्पांस्नी चालायचं न्हाय." आणखी एक स्टेशन गेलं. मग ती अगदी साध्या आवाजात, बाजाराची यादी सांगावी तसं, म्हणाली, "तुमी थकला की कळवा. अंथरुनाला लागला की मी येत्ये. शेवटपर्यंत ऱ्हात्ये."

इतकी वर्षं मी किती फंडांना, किती निधींना पैसे दिले. पावत्या सगळ्यांच्या आहेत. घरात कोण आहे, हे त्यांतल्या एकानंही विचारलेलं नव्हतं. अंथरुणाला लागल्यावर आपलं काय होणार, या विचारानं मी गेली दहा वर्षं रात्री जागून काढते, आणि हे मी आजवर कुणाला, कमळलाही, सांगितलेलं नाही.

मी तिला माझा पत्ता सांगितला. तिनं तो दोनदा म्हणून घेतला आणि यादीच्या शेवटी पाठ केला.